पोयटा, पसरणीचा घाट आणि गॅसवरची गाडी

नर्सरीसाठी मालाची गाडी घ्यायची तर डिझेलचीच, याबद्दल पुण्यात आमच्या धायरीत दुमत नाही. मी २०२३ साली पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी टाटाची इंट्रा व्ही२० घेतली, तेव्हा पलीकडच्या खडी-वाळूवाल्या दादांपासून घरातल्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "पस्तावशील." पस्तावले नाही. पण म्हणून सगळ्यांनी हीच गाडी घ्यावी असंही मी सांगणार नाही. माझ्याकडे बघून गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, "ताई, पेट्रोलची गाडी ओझं ओढते का हो?" प्रत्येकाला तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी ओझ्याचं बोलू. नर्सरी म्हटलं की लोकांना वाटतं, रोपं, फुलं, सगळं हलकंफुलकं. रोप हलकंच असतं, पण त्याच्या बुडाशी असलेली माती नसते. माझ्या गाडीत खरा माल असतो तो पोयटा (गाळाची माती), शेणखत, सिमेंटच्या कुंड्या, लॉनच्या ओल्या गुंडाळ्या आणि ड्रममधले पाम. वीस इंची ड्रममधला फॉक्सटेल पाम उचलायला दोन गडी लागतात आणि ते दोघंही मला शिव्या घालत असतात. ओल्या पोयट्याचं वजन घनमीटरला दीड-पावणेदोन टन धरायचं. एका ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, साडेचार टनांच्या आसपास. आता इंट्राचा हौदा साडेआठ फुटांहून थोडा लांब आणि सव्वापाच फूट रुंद. हिशोब करा: तळाला अर्धा फूट पोयटा पसरला की एक टन झाला. फाळक्याला टेकेपर्यंत भरलात तर अडीच-तीन टन. आणि व्ही२०ची पासिंग क्षमता, म्हणजे कागदोपत्री मंजूर माल, आहे एक टन.

म्हणजे माती भरलेली गाडी बघणाऱ्याला अर्धी रिकामी दिसते. गिऱ्हाईक बाल्कनीतून वाकून म्हणतं, "अहो, एवढीच आणली?" त्यांना भुईकाट्याची, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्याची, पावती दाखवायची. मी गाडी घ्यायच्या आधी जुन्या भाड्याच्या टेम्पोतला आमचा नेहमीचा माल हायवेलगतच्या भुईकाट्यावर नेऊन तोलून घेतला होता, वेगवेगळ्या दिवशी, पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातलाही. त्यातून कळलं की आमचं रोजचं ओझं सातशे-आठशे किलोंचं आहे, क्वचित टनाला टेकतं, आणि दोन टनांचा माल वर्षातून मोजक्या वेळा लागतो. शोरूममध्ये कुठल्याही माहितीपत्रकाने मला जेवढं शहाणं केलं नाही तेवढं त्या पावत्यांनी केलं. मोजक्या वेळच्या दोन टनांसाठी वर्षभर मोठी गाडी पोसायची नाही, त्या दिवशी भाड्याची बोलवायची, हे तिथेच ठरलं.

"एक टनी म्हणजे दीड टन चालतो" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक अड्ड्यावर ऐकू येईल. चालतो, हो. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, मागचे टायर खांद्यावर झिजतात, क्लच प्लेट वर्षात मागते आणि पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्चही आपलाच. माती रस्त्याच्या कडेला उतरवून पुन्हा भरायची कल्पना करा.

पर्यायांकडे येते. ज्यांना खरोखर जड ओढायचंय त्यांनी पेट्रोल शोधलं तर आपल्याकडे हाती फारसं काही लागत नाही. टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस या मोठ्या, दिमाखदार पिकअप डिझेलच्याच आहेत. हायलक्सच्या ऑटोमॅटिकला पाचशे न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे, पण एवढी महागडी गाडी घेऊन शेणखत कोण वाहणार. धंद्याच्या गाड्यांत पेट्रोल किंवा गॅस म्हणाल तर खालून वर अशी ओळ लागते. छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा एस गोल्ड, पेट्रोलमध्ये दोन सिलिंडरचा, ६९४ सीसी. गल्लीबोळात याच्यासारखी दुसरी गाडी नाही, पण घाटात मी त्याच्या मागे अडकलेय, त्यामुळे तो बाद. मारुतीची सुपर कॅरी बाराशे सीसीची, चार सिलिंडरची, चालवायला अगदी मोटारगाडीसारखी. तिची क्षमता पेट्रोलमध्ये ७४० किलो आणि सीएनजीमध्ये ६२५ किलो. हा ११५ किलोंचा फरक नीट बघून ठेवा. गॅसची टाकी, तिचे पट्टे, कंस हे सगळं वजन तुमच्या मालातून वजा होतं. कोणत्याही सीएनजी गाडीची क्षमता विचारताना 'गॅसवाल्या मॉडेलची' असं म्हणून विचारा, नाहीतर विक्रेता खुशाल पेट्रोलचा आकडा सांगतो. वरच्या अंगाला अशोक लेलँडचा दोस्त आणि महिंद्राची बोलेरो पिकअप. दोन्ही सीएनजीत मिळतात, पण बोलेरोचं खरं नाव आहे ते डिझेलवर, अडीच लिटरचं इंजिन आणि दोनशेच्या घरातला टॉर्क.

या दोन टोकांच्या मधे इंट्रा व्ही२० बसते. २०२२ साली ती आली तेव्हा कंपनीने तिला देशातली पहिली बाय-फ्युएल पिकअप म्हटलं होतं. बाराशे सीसी, तीन सिलिंडर, एक टन माल, आणि दोन्ही इंधनं मिळून सातशे किलोमीटरपर्यंत पल्ला असा कंपनीचा दावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की तिची पेट्रोलची टाकी नावापुरती नाही. सुपर कॅरीच्या सीएनजीत पेट्रोलची टाकी पाच लिटरची असते, पंपापर्यंत पोचण्यापुरती. इंट्रात तुम्ही ठरवून पेट्रोलवर घाट चढू शकता. हा मुद्दा पुढे येतोय.

आता टॉर्क. बाराशे सीसीच्या या पेट्रोल इंजिनांचा टॉर्क शंभर न्यूटन मीटरच्या आसपास असतो आणि बोलेरो पिकअपचा जवळपास दुप्पट. हा आकडा दाखवूनच डिझेलवाले वाद जिंकतात. पण ओझं उचलायला चाकाशी काय पोचतं ते बघावं लागतं, आणि मधे गिअरबॉक्स बसलेला असतो. पहिला गिअर पुरेसा जड असेल तर छोटं इंजिनही टन उचलतं, फक्त हळू उचलतं आणि जास्त ओरडतं. डिझेल इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, मिनिटाला चौदाशे-पंधराशेलाच, जोर देतं. पेट्रोलला फेऱ्या वाढवून द्याव्या लागतात. आयुष्यभर डिझेल चालवलेला माणूस पेट्रोलच्या गाडीत बसला की फेऱ्या वाढू देत नाही, लवकर वरचा गिअर टाकतो, गाडी थरथरते, आणि मग तो खाली उतरून म्हणतो, "दम नाही." आमच्या मामांनी अगदी हेच केलं. इंजिनाला ओरडू द्यायचं. ओरडल्याने त्याला काही होत नाही, थरथरल्याने होतं.

शोरूमचा अनुभव सांगितलाच पाहिजे. कुणाचं नाव घेत नाही, कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. मालाची गाडी रिकामी चालवून दाखवतात! रिकामी गाडी कुणाचीही पळते. मी म्हटलं, माझ्या गोण्या आणते, भरून बघू. एका ठिकाणी साहेबांनी इन्शुरन्सचं कारण सांगून हात वर केले. दुसऱ्या ठिकाणचा पोरगा मोकळा होता, म्हणाला, "काकू, या घेऊन." मग आमच्याकडूनच पोयट्याच्या गोण्या रचल्या, भुईकाट्यावर टन भरल्याची खात्री केली आणि नवले पुलापासून दरी पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे निघालो. त्या चढाचा खडेपणा जाणवत नाही, पण तो संपत नाही. गॅसवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आधी बरी चालली, मग दरी पुलाच्या अलीकडे वेग उतरायला लागला आणि काटा चाळिशीच्या खाली आला. दुसरा टाकला, गाडीने पुन्हा श्वास घेतला. तिथेच पोराला म्हटलं, आता पेट्रोलवर घे. पेट्रोलवर तिसऱ्यातच वर गेली. फार रुबाबात नाही, पण गेली.

हा फरक माझ्या गाडीचा दोष नाही, गॅसचा स्वभाव आहे. सीएनजी वायुरूपातच इंजिनात जातो, म्हणून सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो. हवा कमी, तर ज्वलन कमी. पेट्रोलच्या मूळ इंजिनाला गॅस जोडला की साधारण दहा टक्के जोर जातो, कुठल्याही कंपनीची गाडी असो. त्यात उंचीची भर. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाचा जोर दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास घटतो, कारण हवाच विरळ होत जाते. पुणं ५६० मीटरवर आहे, पाचगणी तेराशेच्या आसपास. म्हणजे पाचगणीला पोचेस्तोवर गॅसवरच्या इंजिनाने माहितीपत्रकातल्या पेट्रोलच्या आकड्याचा पाचवा हिस्सा गमावलेला असतो. टर्बोवाल्या डिझेलला हवेची टंचाई इतकी जाणवत नाही, आणि इथे डिझेलवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

पाचगणीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण आमचं तिथे बंगल्यांच्या बागांचं काम असतं. वाईहून पसरणीचा घाट चढताना सहाशे मीटरच्या आसपास उंची गाठायची असते आणि वळणं अशी की वेग जमवायला सरळ रस्ता मिळतच नाही. प्रत्येक वळणावर गाडी थांबल्यासारखी होते आणि पुन्हा पहिल्यातून उचलावी लागते. माझी पद्धत अशी: पुणे ते वाई गॅसवर, वाटेतला खंबाटकी घाटसुद्धा गॅसवर दुसऱ्या-तिसऱ्यात डाव्या लेनमधून, ट्रकवाल्यांच्या संगतीत, कुणाला घाई नसते. वाईत चहा, दोर आणि ताडपत्री पुन्हा आवळून घ्यायची, आणि तिथून वर पेट्रोलवर. वळणाच्या आत शिरायच्या आधीच दुसरा गिअर, वळणात हाफ क्लच अजिबात नाही. पामची पानं शेडनेटमध्ये घट्ट गुंडाळलेली नसतील तर वर पोचेपर्यंत झाडू होतो, पण तो गाडीचा विषय नाही.

माल कसा रचता यावरही गाडीचा जोर ठरल्यासारखा वाटतो. ड्रमचे पाम आडवे टाकायचे तर बूड केबिनच्या पाठीशी आणि शेंडे मागे. आमच्या नव्या गड्याने एकदा सोयीचं म्हणून उलटं रचलं, सगळं वजन मागच्या आसाच्या मागे गेलं. चढावर स्टिअरिंग इतकं हलकं झालं की पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाही असं वाटावं. तिथेच थांबून सगळं उतरवलं आणि पुन्हा रचलं. गोण्या असतील तर केबिनला टेकवून सुरुवात, मागच्या फाळक्याशी मोकळी जागा.

चढणीबद्दल सगळे विचारतात, उतरणीबद्दल कुणी नाही. मी नवले पुलाजवळ राहते, मला तोच प्रश्न मोठा वाटतो. २०२२च्या नोव्हेंबरात एका अवजड वाहनाने त्या उतारावर चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली होती, आणि त्याच्या आधी-नंतर झालेले अपघात पुणेकरांना नव्याने सांगायला नकोत. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडायची ही आपली जुनी खोड. ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. पेट्रोलच्या इंजिनाचा इथे एक फायदा आहे, ज्याबद्दल शोरूममध्ये चकार शब्द काढत नाहीत: अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते, इंजिनाला हवा ओढायला झगडावं लागतं आणि तेच गाडीला मागे धरून ठेवतं. साध्या डिझेलला अशी झडप धरून ठेवत नाही, म्हणून तर मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक असतो. नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर मी भरली गाडी तिसऱ्यात ठेवते, लागलं तर दुसऱ्यात, आणि नवले पुलापर्यंत ब्रेकला पाय फक्त सिग्नलच्या तोंडाशी लागतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

आमचा भाचा टेक्सासात असतो. त्याने मोठा ट्रेलर ओढायला फोर्डचा पेट्रोल पिकअप घेतला, ७.३ लिटरचा व्ही८, ४३० अश्वशक्तीचा. आकडा ऐकून आमच्याकडे सगळ्यांनी डोळे मोठे केले, आपल्या इथे एवढ्यात अख्ख्या गल्लीच्या गाड्या होतील. पण त्याने डिझेल का नाही घेतलं हे विचारलं तर उत्तर माझ्यासारखंच होतं. डिझेल इंजिनाला दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजायचे, इंजिन मुळातच जड म्हणून गाडीच्या ठरलेल्या एकूण वजनात मालाचा वाटा कमी होतो, आणि वर धुराच्या फिल्टरची काळजी. रोज पर्वत ओलांडत असतो तर डिझेलच घेतलं असतं, असंही तो म्हणाला. त्याच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी मिळाली. ट्रेलर ओढताना त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे गाडीच्या मागच्या आसावर येतो आणि तोही गाडीच्या मालात धरायचा असतो. 'पाच टन ओढते' हे वाक्य आणि 'हौद्यात एक टन' हे वाक्य दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे वापरता येत नाहीत.

ते ऐकून मलाही हुरूप आला होता. मागे छोटी ट्रॉली लावली तर कुंड्या तिच्यात, माती हौद्यात. आरटीओ एजंटने पाच मिनिटांत हुरूप उतरवला. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, विमा, सगळं आलं. आणि शंभर न्यूटन मीटरवर ट्रॉली लावून धायरी फाट्यावरचा चौक कोण ओलांडणार? ट्रॅक्टरवाल्यांनाच ते शोभतं.

कागदपत्रांत मात्र छोट्या गाडीची मजा आहे. मालासकट एकूण वजन तीन टनांच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. इंट्रा त्यात बसते. पावणेदोन टनी पिकअप तीन टनांच्या वर जाते, तिथे परमिट आलं. फिटनेस दोघींनाही: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. लायसन्सचा घोळ होता तोही सुटला. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं होतं आणि २०२४च्या नोव्हेंबरात घटनापीठाने ते कायम केलं. त्यामुळे गाडी मीच चालवते. बिनधास्त.

पैशांचं गणित थोडक्यात. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये इंट्रा आणि डिझेल पिकअप यांच्यात लाख-सव्वा लाखाचा फरक होता. पुण्यात पेट्रोल शंभरीच्या पुढे, डिझेल नव्वदीच्या आसपास, आणि सीएनजीचा किलो डिझेलच्या लिटरच्या जवळपास. पण किलोभर गॅसमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे किलोची लिटरशी सरळ तुलना करू नका. भरल्या गाडीला मला गॅसवर किलोला सोळा-सतरा किलोमीटर मिळतात, शहरात धरून. किलोमीटरला सव्वापाच रुपये. पेट्रोलवर तोच आकडा आठाच्या घरात जातो, म्हणून पेट्रोल फक्त घाटापुरतं. जो माणूस सगळीकडे पेट्रोलवरच चालवणार आहे त्याने ही गाडी घेऊन उपयोग नाही.

डिझेल मी टाळलं त्याचं खरं कारण मात्र लाख रुपये नव्हतं. आमच्या फेऱ्या धायरी-कोथरूड, धायरी-बाणेर, धायरी-सहकारनगर अशा, दर दोन किलोमीटरला थांबा. २०२० पासूनच्या बीएस६, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी धूर गाळणारा फिल्टर असतो, आणि त्यात साठलेली काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. हायवेवर तो आपोआप तापतो. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता नाही तापत. मग डॅशबोर्डवर दिवा, मग वर्कशॉप. ज्या डिझेलवाल्याची गाडी रोज पुणे-सोलापूर करते त्याला यातलं काही भोगावं लागत नाही, म्हणून तो तुम्हाला छातीठोकपणे डिझेल सांगतो. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे.

गॅसचा जाच वेगळा. रांग. सकाळी सहाच्या आत किंवा रात्री दहानंतर गेलं तर बरं, एरवी रिक्षांच्या मागे उभं राहायचं. आणि पंपावर दाब कमी असला की टाकी पूर्ण भरत नाही. नळी दोनशे बारला बंद व्हायची ती आधीच सुस्तावते, मीटर पुढे सरकत नाही, पोरगा म्हणतो "झालं मॅडम", आणि दोन किलो कमी घेऊन निघावं लागतं. मला लोणी काळभोर-उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांकडून माल आणायचा असला की मी आदल्या रात्रीच भरून ठेवते. टाक्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी सक्तीची आहे, तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. सेकंडहँड गॅसगाडी बघायला जाणाऱ्यांनी आधी ती पट्टी वाचावी, मग रंग बघावा.

रोजच्या वापराचं म्हणाल तर दोन गोष्टींनी मला जिंकलं. गिअरचा दांडा डॅशबोर्डवर आहे, खाली जमिनीत नाही, त्यामुळे साडी नेसून चालवताना काही अडकत नाही आणि डावीकडच्या दारानेही उतरता येतं. सिंहगड रस्त्यावर उजवीकडे दार उघडणं म्हणजे काय असतं ते तिथल्यांना विचारा. दुसरं, पॉवर स्टिअरिंग. टनभर माल घेऊन सहकारनगरच्या गल्लीत तीनदा पुढे-मागे करावं लागतं, जुन्या भाड्याच्या टेम्पोत त्याने खांदे भरून यायचे. केबिनमध्ये मी आणि एक गडी आरामात, दुसरा गडी दुचाकीवर येतो. रिकामी असताना मात्र ती खड्ड्यांत उडते, पाटे टनासाठी बनवलेले असतात, त्यांना तुमच्या पाठीशी देणंघेणं नाही. म्हणून परतताना मी दोन गोण्या पोयटा हौद्यातच ठेवते. मागच्या टायरची हवा भरल्या गाडीसाठी कंपनीने दारावर लिहिली आहे तेवढीच भरायची, पंक्चरवाला "जास्त टाकू का" म्हणाला तरी नको म्हणायचं.

कुणी घेऊ नये, तेही सांगते. खडी, वाळू, विटा, शहाबादी फरशी ज्यांचा रोजचा माल आहे त्यांनी नाही. महिन्यातून दहा-बारा वेळा ताम्हिणी किंवा वरंधा उतरून कोकणात जाणाऱ्यांनी नाही. येताना घाट चढायचा असतो आणि तोही आंब्याच्या पेट्या भरून. ज्यांच्या गावाकडे गॅसचा पंप तीस किलोमीटरवर आहे त्यांनी तर नाहीच. त्यांनी सरळ डिझेल पिकअप घ्यावी. इंट्राची व्ही२० गोल्ड आता बाराशे किलोंची येते, माझ्या वेळी असती तर मी तीच घेतली असती. शहरातला, भाजीपाल्याचा, केटरिंगचा, मंडपाचा, नर्सरीचा माल वाहणाऱ्यांनी मात्र डिझेलच्या दबावाला बळी पडू नये. चौकशीला जाताना भुईकाट्याच्या दोन-चार पावत्या खिशात असू द्या आणि गाडी भरूनच चालवून मागा. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम आहेच, हिंजवडीपासून हडपसरपर्यंत कमी नाहीत.

गाडी प्रत्यक्ष बघायची असेल तर या धायरीला, पण सकाळी नवाच्या आत. नंतर ती बाणेरला गेलेली असते.